सत्यपेटीचा झटका

तामिळ मुलखातल्या एका गावी, मेलवीथी नावाच्या रस्त्याच्या मागच्या गल्लीतल्या राममठात त्या शनिवारी सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. चपलांचा ढीग ओट्यावरून थेट रस्त्यात उतरला होता. दोन ऑटोवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले आणि शेवटी गाड्या तिथेच सोडून आपणही आत डोकवायला लागले. आत मिन्नल सामी बसले होते. मिन्नल म्हणजे वीज, आणि हे वीजस्वामी म्हणे चोराला हाताने नव्हे, विजेने पकडून देतात.

सामी चांगले गुटगुटीत होते. अंगावर भगवं रेशीम, कॉलरच्या जागी अडकवलेला छोटा माइक आणि समोर लाल कापडावर त्यांची प्रसिद्ध सत्यपेटी. पेटी शिसवी होती, कुंकवाने माखलेली. तिच्यातून दोन वायरी निघाल्या होत्या, त्यांना लाल दोरा गुंडाळलेला, आणि टोकांना पितळेच्या दोन मुठी. झाकणावर तांब्याचं एक कमळ. सामी त्या कमळावर आपला पितळी दंडा टेकवून बसत. दंड्याच्या खालच्या अंगाला साखळी होती आणि ती पेटीत गेली होती.

"बघा, नीट बघा!" सामी तामिळमध्ये गरजले. त्यांनी टॉर्चमधला एक जाडा सेल वर धरून सगळ्यांना दाखवला आणि चक्क जिभेला लावला. "काही झालं? नाही. यानं मुंगीसुद्धा मरणार नाही. पेटीत एवढा एकच सेल आहे. मग खोटं बोलणाऱ्याला झटका कोठून बसतो?" त्यांनी भुवया उंचावल्या. "बाळांनो, करंट बॅटरीत नसतो, करंट कर्मात असतो! पाप्याच्या रक्तातला निगेटिव्ह आणि भगवंताचा पॉझिटिव्ह समोरासमोर आले, की शॉर्ट सर्किट!"

लोक "राम राम" म्हणाले.

"अमेरिकेचे सायंटिस्ट येऊन गेले. पेटीला कान लावून दिवसभर बसले. शेवटी म्हणाले, सामी, आम्हाला आतून फक्त ओंकार ऐकू येतो."

बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून बसलेल्या कनकलताला हसू आलं. तिने ते पदराआड दाबलं. ती पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलच्या पोरांना शिकवायची. पण ती हनुमंतरावांची सूनही होती, आणि हनुमंतराव मठाचे प्रमुख. सामींना बोलावलं होतं त्यांनीच.

त्याचं कारण असं. रामनवमीच्या तयारीला दागिन्यांची पेटी उघडली, तेव्हा सीतामाईच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ नव्हती. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली माळ. ही पेटी असायची त्या गाभाऱ्यातल्या कपाटाला दोन किल्ल्या. एक अखिलाकडे; ही विधवा बाई मठाच्या मागच्या खोलीत राहायची, आणि दारात कोलमची रांगोळी काढणं, हार गुंफणं, नैवेद्य करणं सगळं तिच्याकडे होतं. दुसरी किल्ली मठाच्या सेक्रेटरीकडे, म्हणजे कनकलताच्या नवऱ्याकडे, साईरामकडे. पोलिसांत जावं असं दोघे-तिघे म्हणाले, पण हनुमंतरावांनी कानांवर हात ठेवले. "आपली मूठभर मराठी घरं राहिली या गावात. त्यांची अब्रू ठाण्यात नेऊन सांडू? देवाचं गेलं, देवच सांगेल."

देवाच्या वतीने मग मिन्नल सामी आले.

परीक्षा सोपी होती. दोन्ही मुठी धरायच्या आणि म्हणायचं, "मी माळ घेतली नाही." सामी दंडा कमळावर टेकवून डोळे मिटत. थोड्या वेळाने म्हणत, "हात काढ." हात सुटले की दंडा उचलून त्या माणसाच्या डोक्याला लावत आणि तो सुटला असं जाहीर करत. आधी पुजारी सुटले. मग हनुमंतराव स्वतः बसले, तेही सुटले. मग साईराम.

साईराम मुठी धरून बसला तेव्हा कनकलता सरसावून बसली. नवऱ्याने माळ घेतली असेल असं तिच्या मनातही नव्हतं. पण गेले काही दिवस गल्लीत तो दिसला की बोलणी थांबत होती, आणि कुणी तरी "दोन किल्ल्या" एवढे दोनच शब्द मागे सोडून जात होतं. "मी माळ घेतली नाही," साईराम म्हणाला. सामींनी डोळे मिटले. "हात काढ." साईरामने हात काढले आणि दंडा त्याच्या डोक्याला लागला.

मग अखिला आली. किरकोळ अंगाची, बोटं हळदीने पिवळी. तिने मुठी धरल्या त्या अगदी निर्धास्तपणे, भांडी उचलावीत तशा. "मी माळ घेतली नाही."

सामी "हात काढ" म्हणाले नाहीत. म्हणाले, "पुन्हा सांग."

"मी माळ घेतली ना—"

दंडा उचलला गेला. अखिला किंचाळली आणि मागे पडली. मुठी फरशीवर खणखणल्या. सगळा मठ एकदम ओरडला, "जय श्रीराम!" हनुमंतरावांचे डोळे पाण्याने भरले. ते मूर्तीकडे वळून हात जोडून उभे राहिले.

कनकलताने सगळं पाहिलं होतं. दंडा केव्हा टेकलेला होता, केव्हा उचलला, हात तेव्हा कुठे होते. तोंडी परीक्षेत हुशार पोराने धडाधड उत्तर द्यावं तसं तिचं डोकं बोलून गेलं: आत कॉइल आहे, लोखंडावर गुंडाळलेली. दंडा म्हणजे स्विच. करंट तोडला की कॉइल उलटते. तेव्हा मुठी ज्याच्या हातात असतील, त्याला झटका बसतो.

आणि त्याच क्षणी, त्या उत्तराच्या खालून, दुसरं काही वर आलं: आम्ही सुटलो.

अखिला उठून बसली. ती घाबरली होती त्यापेक्षा जास्त गोंधळली होती. तिने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाहता पाहता तिची नजर कनकलतावर आली. कनकलता चटईकडे बघत राहिली.

*

त्या दिवशीचं गप्प बसणं एवढंच असतं, तर कनकलताने मनाला काहीतरी समजावलं असतं. सासऱ्यांसमोर भर सभेत कसं बोलणार, लोकांनी ऐकलं असतं का, वगैरे. पण आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सामींचा चेला चिदंबर घरी येऊन गेला होता. कमरेला पांढरी वेष्टी, गोड बोलणं, हातात मोबाइल. सामींना बसायला कोणती दिशा, प्रसादाला काय, असं विचारता विचारता तो हळूच म्हणाला, "सामींना आधी वातावरण समजून घ्यावं लागतं. तुमची शंका कोणावर?"

"शंका कोणावरच नाही हो," हनुमंतराव म्हणाले. "किल्ल्या दोन. एक आमच्या साईरामकडे, आणि—"

कनकलता कॉफीचे टंबलर ठेवत होती. सासऱ्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती बोलून गेली, "साईराम कुठे मठात असतात, मामंजी? सगळा दिवस तिथं अखिलाच. गाभाऱ्यात हात तिचाच."

चिदंबरने मान हलवली, कॉफी फुंकून प्यायली आणि कॉफीची तारीफ केली.

तिच्या त्या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. पण खऱ्या शब्दांनीही माणसाला ढकलता येतं, हे तिला दंडा उचलला गेला तेव्हा कळलं. सत्यपेटी काही ओळखत नव्हती. घरची माणसं ज्याच्याकडे बोट दाखवतील, त्याच्याकडे सामींचा दंडा वळायचा. इथे बोट तिचं होतं.

अखिलाने मठातली खोली सोडली. कुणी तिला हाकललं नाही. फक्त तिच्या हातचा नैवेद्य कुणी देवापुढे ठेवीना. तिचा भाऊ मोपेडवर येऊन तिला घेऊन गेला, पुढे पत्र्याची ट्रंक आणि मागे ती.

कॉलेजात अभ्यासक्रम नेमका तिथेच येऊन ठेपला होता. फळ्यावर कॉइल काढून कनकलता सांगत होती: करंट वाहतो तेव्हा कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. करंट एकदम तोडा. क्षेत्र कोसळतं, आणि कोसळताना त्याच कॉइलच्या प्रत्येक वेढ्यात व्होल्टेज निर्माण करतं. वेढे हजारो असतील, तोडणं झटक्यात असेल, तर दीड व्होल्टच्या सेलवर काही शे व्होल्ट उभे राहतात. क्षणभरच, पण राहतात. याला म्हणतात स्वयंप्रवर्तन.

"मॅम, हे खऱ्या आयुष्यात कुठं बघायला मिळतं?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

कनकलताच्या हातातला खडू थांबला. "पुढच्या तासाला," ती म्हणाली आणि हजेरी घ्यायला लागली. हजेरी तासाच्या सुरुवातीलाच झाली होती.

*

एका रविवारी ती घरात काही न सांगता टाउन बसने निघाली. तिरुवैयारूच्या पुढे उतरून कालव्याच्या कडेने चालत गेली. दोन्ही बाजूंना लावणी झालेली भातशेतं. अखिलाच्या भावाचं घर शेताला लागूनच होतं आणि अंगणात पंपसेट धडधडत होता.

अखिला ओसरीवर भांडी घासत बसली होती. कनकलताला पाहून लगबगीने उठली. "अय्यो, अक्का! उन्हातून आलात? जेवलात की नाही?"

तिने ताक आणून दिलं. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. घरात देवाच्या कोनाड्यात दिवा होता, पण तो अखिलाची भावजय लावत होती. कनकलताचं लक्ष तिकडे गेलेलं पाहून अखिलाच म्हणाली, "मी नाही हात लावत आता. कोण जाणे, पुन्हा बसायचा."

"काय बसायचा?"

"रामाचा झटका." मग ती जवळ सरकली आणि हळू आवाजात विचारलं, "अक्का, तुम्ही शिकलेल्या. माणूस झोपेत उठून चोरी करतो का हो? मी झोपेत नेली असेल का माळ?"

कनकलताने ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"खूप आठवून बघितलं," अखिला सांगत होती. "ट्रंक झाडली, पोती झाडली. माळ नाही. पण देव उगाच कशाला मारील? मग आठवलं. हे आजारी होते शेवटी, अंथरुणाला खिळलेले, रात्रंदिवस कण्हायचे. एक दिवस मी रामासमोर म्हटलं, आता ने यांना. आणि नेलं. तेच पाप असेल. मी नवऱ्याचं मरण मागितलं रामाकडे, अक्का. रामानं ते लक्षात ठेवलंन् आणि भर सभेत दाखवलंन्."

ती रडत नव्हती. हिशेब जुळल्यासारखी शांत होती, आणि कनकलताला तीच शांती असह्य झाली. सामीने या बाईवर चोरीचा आळ घातला, तो एक वेळ धुऊन निघाला असता. पण त्या झटक्याने तिच्या मनातला सगळ्यांत दुखरा कोपरा शोधून काढला होता आणि तिथे शिक्का मारला होता. आता ती स्वतःच स्वतःची साक्षीदार झाली होती.

"अखिला, ऐक माझं. तो देव नव्हता. पेटीत तारेची कॉइल होती. सामीनं दंडा उचलला म्हणून बसला तो."

अखिला हसली. "मला बरं वाटावं म्हणून म्हणता. सेल तर एकच होता की, अक्का. सामींनी जिभेला लावला, मी बघितलं."

इतक्यात शेतात भावाने वाट्याचं पाणी बंद करायला व्हॉल्व्ह झटकन फिरवला. पाइप धाडकन हादरला, आणि ओसरीवरची भांडी किणकिणली.

"बघ," कनकलता घाईने म्हणाली. "पाणी शांतपणे वाहत होतं तोवर पाइप गप्प होता. एकदम अडवलं तेव्हा दणका बसला. पंपाची ताकद वाढली का? नाही. वाहतं अडवलं म्हणून. तसंच तारेतल्या करंटचं."

अखिलाने पाइपकडे बघितलं, कनकलताकडे बघितलं. तिला म्हणणं कळलंही असेल. पण नुसत्या बोलण्याने अंगातून गेलेला झटका पुसला जात नाही. "तुम्ही आलात हेच पुष्कळ," ती म्हणाली, आणि कनकलताच्या पिशवीत केळ्यांची फणी ठेवायला लागली.

चिदंबरला नाव कुणी सुचवलं, हे सांगायला कनकलता आली होती. ते तिच्याने सांगवलं नाही. केळी घेऊन ती बसमध्ये बसली.

*

घरी आल्यावर तिने साईरामला सगळं सांगितलं. कॉफीच्या वेळचंही.

त्याने विचारलं, "मग त्याच दिवशी का नाही बोललीस?"

"तुमच्या वेळी हात सुटेपर्यंत दंडा खाली होता. तुम्ही सुटलात, म्हणून."

"आणि आता बोललीस, अखिला सुटली, तर दुसरी किल्ली माझ्याकडे."

"होय."

साईराम मग माळ्यावर चढला आणि जुन्या टीव्हीचा बिघडलेला स्टॅबिलायझर घेऊन उतरला. "यातला ट्रान्सफॉर्मर चालेल?"

चालला. वायरींना मुठींऐवजी कॉफीचे दोन स्टीलचे टंबलर बांधले. दंड्याच्या जागी चमचा. सेल नवा, एकच. साईरामने टंबलर धरले, कनकलताने चमचा उचलला आणि साईराम खुर्चीवरून उडाला. तोंडातून अस्सल तामिळ शिवी गेली. मग त्याला जोराचं हसू आलं, आणि हसता हसता तो एकदम थांबला.

"आणि ती बिचारी म्हणते, रामानं मारलं," तो म्हणाला. "कनका, हे मीच धरणार. मठात. सगळ्यांसमोर."

*

संधी लवकर आली. चोर शोधून दिल्याबद्दल मठातर्फे सामींचा सत्कार ठरला. शाल, फुलं, फळांचं ताट. माळ कुठे होती? ती अजून सापडली नव्हती, पण त्याने सत्काराचं काही अडलं नाही. सामींचं म्हणणं, पापिणीने ती कावेरीत टाकली, आणि नदीवर आपला अधिकार चालत नाही. आता गल्लीतल्या आणखी चार घरांना आपापले चोर हवे होते. कुणाचं कर्णफूल गेलं होतं, कुणाला सुनेवर शंका होती.

सामी नेहमीच्या रंगात आले. "करंट बॅटरीत नाही, बाळांनो—"

"कर्मात आहे," कनकलता उभी राहून म्हणाली. "सामी, एक विनंती आहे. आज दंडा आमच्या मामंजींना धरू द्या. तुम्ही नुसतं बसा. देवाची पेटी आहे, दंडा कुणीही धरला तरी चोर ओळखेलच ना?"

सामींचा माइक थोडा खरखरला. "दंड्याला दीक्षा लागते, अम्मा. संसारी माणसानं धरला तर भस्म होईल."

"मग राहू दे. मी माझी पेटी आणली आहे."

तिने कापडी पिशवीतून सगळं काढून चटईवर मांडलं. उघडा ट्रान्सफॉर्मर, सेल, टंबलर, चमचा. कुंकू नाही, झाकण नाही. लोक पुढे सरकले. हनुमंतराव जागेवरूनच म्हणाले, "कनका, हा काय पोरखेळ?"

"मामंजी, जरा वेळ बघा. मग मला काय बोलायचं ते बोला."

साईराम येऊन बसला आणि त्याने टंबलर धरले. कनकलताने चमचा तारेला टेकवला. "म्हणा."

"मी माळ घेतली नाही."

"हात काढा." त्याने हात काढले. तिने चमचा उचलला. काही झालं नाही. "सुटले," ती म्हणाली. "आता पुन्हा धरा. तेच म्हणा."

"मी माळ घेतली नाही."

या वेळी तिने हात काढायला सांगितलं नाही. चमचा उचलला. साईराम "अय्यो!" करून मागे आदळला आणि टंबलर घरंगळत गाभाऱ्याच्या पायरीपर्यंत गेले.

मागे बसलेले लोक उठून बघायला लागले.

"तोच माणूस," कनकलता म्हणाली. "तेच वाक्य. एकदा सुटला, एकदा चोर ठरला. सांगा, माझा नवरा चोर आहे की नाही? या पेटीला विचारून सांगा."

मग कर्णफूलवाली बाई म्हणाली, "पण सेल तर एकच..."

"एकच. सेल करंट सोडतो, तो या तारेच्या वेढ्यांतून फिरतो, लोखंडाचं चुंबक होतं. तोवर टंबलर धरणाऱ्याला काही कळत नाही. करंट एकदम तोडला की ते चुंबकत्व कोसळतं आणि याच वेढ्यांत मोठा दाब तयार करतं. त्याला बाहेर पडायला वाट हवी. हातात टंबलर असले की वाट माणसातून. शेतात चालत्या पाण्याचा व्हॉल्व्ह झटकन बंद केला की पाइप हादरतो, बघितलंय ना सगळ्यांनी? तिथं कोणाचं कर्म आडवं येतं?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"हे तुमचं सायन्स," सामी शाल सावरत म्हणाले. "आमची शक्ती आहे. दिसायला एक, आतून वेगळी."

"मग उघडा पेटी."

चिदंबरने पेटी छातीशी घेतली आणि दरवाजाकडे पाहिलं. पण दरवाजात हनुमंतराव येऊन उभे होते. "उघडा," ते म्हणाले. "माझ्या शब्दावर तुम्ही या मठात आलात. माझ्यासमोर उघडा."

उघडली. आत ओंकार नव्हता. कुठल्याशा स्टॅबिलायझरमधलाच ट्रान्सफॉर्मर होता, एक सेल, आणि वास यावा म्हणून कोंबलेली कापराची पुडी. लोक हसले, शिव्या द्यायला लागले, एक-दोघे बाह्या सावरून पुढे झाले. ज्यांनी त्या शनिवारी सर्वांत मोठ्याने जयजयकार केला होता, तेच आता सर्वांत पुढे होते.

"थांबा," कनकलता म्हणाली. "यांना मारू नका, पोलिसांना बोलवा. आणि आधी माझं ऐका. अखिलावर दंडा उचलायचा हे सामींना कसं कळलं? त्यांचा चेला आमच्या घरी आला होता. तिचं नाव त्याला मी दिलं. नवऱ्यावर यायला नको म्हणून. मामंजींनी नाही, मी."

हनुमंतरावांनी सुनेकडे बघितलं, मग खाली बसले. काही वेळाने त्यांनी खिशातून फोन काढून ठाण्याचा नंबर लावायला साईरामकडे दिला. सामींविरुद्ध तक्रार दिली आणि माळ गेल्याचीही. माळेच्या तक्रारीत किल्ल्या कुणाकडे होत्या ते विचारलं, तेव्हा साईरामने आपलं नाव आधी सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी सासरे आणि सून अखिलाकडे गेले. हनुमंतरावांनी ओसरीवर उभं राहून हात जोडले. "अखिला, चुकलं. मठात परत चल. देव तुझी वाट बघतो."

अखिला गडबडली, एवढ्या मोठ्या माणसाने हात जोडलेले तिने कधी पाहिले नव्हते. पण कनकलताने पिशवीतून टंबलर काढले, तेव्हा ती आधी दोन पावलं मागे सरकली आणि मग, कुणी न सांगता, पुढे येऊन खाली बसली.

"मी धरते. चमचाही मीच उचलते."

एका हाताने दोन्ही टंबलर धरता येईनात, म्हणून एक तिने पायाच्या अंगठ्याखाली दाबला. चमचा उचलला. दचकली. पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. पुन्हा दचकली. "हाच," ती म्हणाली. "हाच होता तो." चमचा टेकवायचा, उचलायचा, असं तिने किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी भावजयीने तिचा हात धरला, तेव्हा ती रडत होती, आणि त्या रडण्यात नवऱ्याचं नाव होतं.

रडणं ओसरल्यावर कनकलताने सांगितलं. नाव दिलं होतं ते. आणि जे मठात सांगितलं नव्हतं तेही. "त्या दिवशी दंडा उचलला तेव्हाच मला कळलं होतं, अखिला. तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा मला ठाऊक होतं."

अखिलाने तोंड पुसलं. कनकलताला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"झटका पेटीचा होता, अक्का," ती म्हणाली. "एवढास्सा. मी आत्ताच बघितलं, लगेच सरतो. पुढचं सगळं माणसांचं होतं."

मग ती हनुमंतरावांकडे वळली. "मामा, मला देवानं हाकललंच नव्हतं. मग देवाचं नाव घेऊन परत का बोलावता? मठात नाही येणार. ठाण्यात येईन, माझं म्हणणं लिहून द्यायला. तिथं जायची गाडी तेवढी पाठवा." आणि तिने चमचा आणि टंबलर नीट पुसून पिशवीत ठेवून दिले.

माळ अजून सापडलेली नाही. ती कुणी नेली हे मठात कुणालाच ठाऊक नाही, आणि आता लोक तसं म्हणायला शिकत आहेत: "ठाऊक नाही." हे दोन शब्द आधी म्हणता आले असते, तर सामींना मठात पाय ठेवायला जागाच मिळाली नसती. चोर कोण हे कळत नसेल तर शोधावं, पुरावा मागावा, थांबावं. न कळण्याची लाज वाटली, की कुठल्याही पेटीचं उत्तर गोड लागतं.

कनकलता आता ट्रान्सफॉर्मर घेऊन गावोगाव जाते. शाळांत, देवळांच्या मंडपांत, भाताच्या खळ्यावर. लोक टंबलर धरतात, उडतात, हसतात. सगळ्यांत शेवटी ती सांगते, "पेटी उघडून दाखवा म्हणा. जो उघडू देत नाही त्याला घरात घेऊ नका. आणि ज्याला आधी कळलं, त्यानं आधी बोलावं. मी बोलले नव्हते."

लोक टाळ्या वाजवतात. ती वायरी गुंडाळते आणि बसची वेळ झाली म्हणून निघते.